आईच्या काठीला जांभळा रंग

आईचा गुडघा रुसून बसला होता, तरी ती काठी काही हातात घेईना. असली चंदेरी काठी टेकत बागेत गेले तर मैत्रिणी मला दवाखान्यातून सुटून आलेली समजतील, हे तिचं म्हणणं. तिचा थोरला मुलगा लिफ्ट दुरुस्त करणारा, बिघाड दिसला की त्याचे हात शिवशिवतात. काठी अॅल्युमिनियमची आहे ना, मग घरीच जांभळी करू, म्हणजे आई ऐटीत एकटी फिरेल, असं त्याने ठरवलं.

मागच्या गॅलरीत त्याने प्लंबिंगचा जाड पाइप उभा केला, त्यात पातळ केलेलं अॅसिड भरलं, धातूने रंग धरावा म्हणून काठी त्यात सोडून बॅटरीचा चार्जर जोडला आणि नंतर ती रंगात बुडवली. बाहेर काढली तर अंगभर पांढरे चट्टे. माणसाला असे आले असते तर घर हवालदिल झालं असतं.

थोरल्याने निदान केलं, तेलकटपणा. धातूला नुसतं बोट लागलं तरी तिथे रंग धरत नाही म्हणे. त्याने काठी घासूनपुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि घरातलं तळण बंद केलं. बायकोने उकडलेल्या भाज्या वाढल्या. या खेपेला वरचा भाग फिकट निघाला, कारण वायरचा चिमटा सैल होता. चिमटा आवळला, काठी परत स्वच्छ करून ठेवली, तर आईने ती वाळली का म्हणून मायेने चाचपून पाहिली. रंगवल्यावर तिची पाचही बोटं उमटून आली.

थोरला आईशी कधी चढ्या आवाजात बोलत नाही. त्या दिवशी मात्र म्हणाला, "आई, पाया पडतो तुझ्या, हिला हात लावू नकोस. कुणीच लावू नका." आई हिरमुसली. बायकोने गॅलरीच्या दाराला कडी घातली.

शेवटी काठी अशी झकास रंगली की थोरला बघतच राहिला. गरम पाण्यात ठेवून त्याने रंग पक्का केला, रबरी मूठ बसवली. बायकोने कढई बाहेर काढली.

संध्याकाळी आई तयार होऊन दारात उभी. काठी तिने मऊ फडक्यात गुंडाळली होती, आणि ती थोरल्याच्या काखेत दिली.

"आई, ती टेकायला आहे."

"वेडा की काय तू? इतकी देखणी झालीय, हात लावून घाण करू?"

आता रंग पक्का झालाय, काही होत नाही, असं त्याने परोपरीने सांगितलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याचा दंड घट्ट धरून चालायला लागली.

बागेत मैत्रिणींनी काठी बघायला मागितली. आईने फडकं जरासं बाजूला केलं.

"लांबून बघा हं," ती म्हणाली. "हात लावलेला आमच्या थोरल्याला चालत नाही."