धर्माकाकांच्या फाटकातला भोपळा

नागावात धर्माकाकांसमोर ‘ओके’ म्हणायची सोय नाही. मी एकदा म्हणालो, तर माझ्यापुढे आलेला चहाचा कप त्यांनी उचलून आत नेला.

“ओके अमेरिकेचं हाय. राइट म्हनायचं, भाऊ. प्रॉपर!”

काकांनी उभी हयात लंडनमध्ये बस चालवली. काकी तिथेच गेल्या, मग ते एकटे नारळाच्या वाडीत परत आले. अमेरिकेने इंग्रजांचं घर आतून पोखरलं, हे त्यांचं ठाम मत. बिस्किटाची कुकी झाली, लॉरीचा ट्रक झाला. “आनि ते हॅलोविन! पोरं मुखवटे घालून दारोदार गोळ्या मागत फिरतात. आम्ही गेलो तवा न्हवतं हे खूळ.”

लंडन मी नकाशातच पाहिलेलं, तरी जोरात मान डोलवायचो.

नात रिया दर रविवारी तिकडून व्हिडिओ कॉल करायची.

“आजोबा, मला खूप कँडी मिळाली!”

“कँडी न्हाय, स्वीट्स. परत म्हन.”

मी शेजारी बसून हसायचो. पोरगी हसायची कधी थांबली, ते माझ्या लक्षातच आलं नाही. एका रविवारी फोनमधून तिचा आवाज आला, “मला नाही बोलायचं आजोबांशी.” काकांच्या मुलाने घाईने फोन ठेवला. त्यानंतर रविवार नुसताच यायचा.

ऑक्टोबर सरता सरता एका संध्याकाळी मी स्कूटरवरून परतत होतो. काकांच्या फाटकात लाल भोपळा! डोळे कोरलेले, दात कोरलेले, आत पणती. कुणीतरी काकांवर करणी करून उतारा ठेवला होता. स्कूटर उलटी वळवली आणि नाक्यावर बातमी फोडली. आयांनी पोरं घरात ओढून कड्या लावल्या.

मग माझीच मला लाज वाटली. काकांना सावध तरी करावं, म्हणून खबरदारीचं लिंबू मुठीत धरून गेलो. काका ओटीवर इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. मांडीवर गोळ्यांचा वाडगा, काठोकाठ.

“काका, फाटकात कुणीतरी उतारा…”

“मीच ठेवलाय. तिकडं दारात असा भोपळा पेटला का पोरांना कळतं, हितं मागायला जायचं. रिया लई मागं लागलेली, ‘आजोबा, तुमी पन ठेवा.’ फोटो पाठवला तिला.” त्यांनी मोबाइल पुन्हा उघडला. “बघितलाय तिनं. बोलली काय न्हाय.”

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

“आळी आज लवकर झोपली काय रं? एक पोर आलं न्हाय.”

मी लिंबू खिशात दडवलं. काकांनी वाडगा पुढे केला.

“घे, भाऊ. कँडी घे.”

“ओके,” माझ्या तोंडून निघून गेलं.

वाडगा पुढेच राहिला.