मार्थाबाई आणि साडेसातचा रस्ता

आमच्या शेजारच्या मार्थाबाई साळवेंकडे पाहुणा आला, की पाण्याच्या तांब्याआधी प्रश्न येतो, "कोणत्या रस्त्याने आलात? दिवे होते का?" पुतणीला बघायला राहात्याहून मंडळी आली, तेव्हा बाईंनी मुलाच्या नोकरीची चौकशीच केली नाही. तिथल्या स्टँडपासून त्यांच्या घरापर्यंत वळणं किती आणि शेवटच्या वळणावर कुणाचं दुकान उशिरापर्यंत उघडं असतं, एवढंच विचारलं. मुलाच्या वडिलांना वाटलं, बाईंना तिथे प्लॉट घ्यायचाय.

मुलांनो, बाई सत्तरीच्या आहेत. लग्न केलं नाही. जन्मभर नर्स होत्या, ड्यूटीला सायकलने जायच्या. अजूनही पदर खोचून, पाठ ताठ ठेवून काळी लेडीज सायकल चालवतात. आमच्या सावेडी भागातले अंधारे कोपरे त्यांना तोंडपाठ आहेत. दिवा गेला, की "हा कोपरा आजारी पडला" म्हणतात. पुन्हा लागला, की "डिस्चार्ज!"

मागच्या वर्षी शहरात सायकलमार्ग करायचं चाललं होतं. आखणी करणारे एक तरुण साहेब रंगीत नकाशा घेऊन कॉलनीच्या हॉलमध्ये आले. मार्ग मैदानामागून, जुन्या गोदामांच्या भिंतीलगत, झाडांखालून जात होता. "अगदी निसर्गरम्य," साहेब म्हणाले.

मार्थाबाई उठल्या. "किती वाजता बघितलात?"

"सकाळी साडेसहाला. चार दिवस पाहणी केली."

"बाया किती दिसल्या?"

"जवळजवळ नाहीच. महिला इथे सायकल चालवत नाहीत."

"साडेसहाला आम्ही पाणी भरतो, डबे भरतो. दिसणार कुठून? संध्याकाळी साडेसातला या. सायकल मी देते."

हॉल हसला. तेवढ्यात मागून छाया उठली. ती आमच्याकडे पोळ्या करते. तिची सोनाली नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेच्या क्लासला सायकलने जाते.

"सायेब, त्या भिंतीकडनं पोरगी रोज येती. आता दिस लौकर मावळतो, लई भ्या वाटतं. मी क्लासच बंद करनार हाय तिचा."

सोनाली मान खाली घालून बसली होती.

"बंद नाही करायचा," मार्थाबाई म्हणाल्या. "मी जाईन आणायला."

"तुमी? आन् तुमचं गुडघं?"

"गुडघ्यांना चालायचा कंटाळा आहे, सायकलचा नाही."

साहेब खरंच आले. बाईंनी त्यांना आपली सायकल दिली आणि पुतणीची स्वतः घेतली. भिंत आली तेव्हा म्हणाल्या, "मी इथे थांबते. तुम्ही एकटे पुढे जा." परत आले ते साहेब थेट बाईंजवळ येऊनच सायकलवरून उतरले.

"मावशी, तिथे चौघे बसले होते. बोलले काहीच नाहीत. पण मी पायडल जोरात मारायला लागलो."

"तुम्ही पुरुष, म्हणून बोलले नाहीत," बाई म्हणाल्या आणि घरी नेऊन त्यांना चहा दिला.

साहेबांनी नकाशा बदलला. मार्ग दुकानांच्या रस्त्याने वळवला. त्या रस्त्यावर दिवे लागायला मात्र उन्हाळा उजाडला. तोवर बाई रोज सातला निघायच्या. येताना दोन सायकली शेजारी शेजारी. सोनाली हाडांची नावं म्हणायची आणि बाई भर रस्त्यात ओरडायच्या, "मनगट विसरलीस! आठ हाडं आहेत, सगळी सांग!" कोपऱ्यावरच्या पानवाल्याला बरगड्या किती ते पाठ झालं. क्लास एक दिवसही बुडला नाही.

मग दिवे लागले. त्याच आठवड्यात सोनाली दोन मैत्रिणींना घेऊन बाईंच्या फाटकाशी आली. तिघी आपापल्या सायकलवर.

"बाई, आता आम्ही तिघी मिळून जातो. तुम्ही आराम करा."

"शाब्बास! कडेला दबून चालवायची नाही, कळलं?" बाई म्हणाल्या आणि तिघी वळेपर्यंत हात हलवत उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सातला मी तुळशीपाशी दिवा लावत होते. बाईंनी सायकल बाहेर काढली होती. पदर खोचलेला. पुसलेली सीट फडक्याने पुन्हा पुसत होत्या. मला बघून थांबल्या.

"वहिनी, तुम्हाला कुठे जायचं असेल ना आत्ता? रस्ता आता छान झालाय. मी येते बरोबर."

मला कुठेच जायचं नव्हतं. कुकरला दोन शिट्ट्या झाल्या होत्या, एक बाकी होती.

"जायचंय ना," मी म्हटलं. आत जाऊन गॅस बंद केला आणि चपला घातल्या.