आपलं म्हणजे नेमकं कुणाचं?

प्रथम पुरुष, एकवचन

मराठी भाषेतून एक शब्द हद्दपार करण्याचा मान मला जातो! निदान उमरोळी स्टेशनच्या एका बाजूपुरता तरी. तो शब्द म्हणजे 'माझं'.

आमची सहकारी इमारत. नेहमीची सोसायटी नव्हे, जिथे फ्लॅट ज्याचा त्याचा आणि फक्त भांडणं सामायिक! इथे भिंती, छप्पर, जिना, सगळं संस्थेचं. सभासदानं राहायचं, मत द्यायचं. घर विकायचं मात्र नाही. सोडून गेलात, तर खोली पुढच्या सभासदाला. अर्धे सभासद शिरगावचे मच्छीमार, अर्धे माझ्यासारखे नोकरीसाठी तारापूरला आलेले. अध्यक्ष मी, रामकिसन. खुर्चीत बसल्या बसल्या ठराव केला: इमारतीत कुणी 'माझं' म्हणायचं नाही. सगळं 'आपलं'! चुकेल त्यानं जिना झाडायचा.

जिना आरशासारखा लखलखायला लागला.

अशात ज्ञानेशसाठी, म्हणजे मुलासाठी, केळव्याचं स्थळ आलं. मुलगी हिमानी, बोईसरला औषधांच्या कारखान्यात केमिस्ट. ज्ञानेशनं तिचा फोटो पाहिला आणि चहात मीठ घालून प्यायला. वर "छान झालाय" म्हणाला!

अडचण तिच्या वडिलांची. दिनानाथराव वाडीवाले. वाडीतल्या प्रत्येक माडावर स्वतःचं नाव रंगवलेलं! त्यांची अट एकच: मुलाचं स्वतःचं घर हवं. याच अटीवर ज्ञानेशची आधीची सगळी स्थळं गळून पडली होती.

पण मी काय कच्चा आहे? "घर कुणाचं?" "आपलंच!" ऐकणाऱ्यानं हवा तो अर्थ घ्यावा. खोटं शून्य, काम फत्ते!

"अहो, सरळ सांगून टाका ना," गोजरा म्हणाली. गोजरा म्हणजे बायको.

"तू शिऱ्याकडे बघ!" मी म्हणालो.

प्रथम पुरुष, अनेकवचन

रविवारी दिनानाथराव मुलीला घेऊन घर बघायला आले. नारळ वाजवून बघावा तशी त्यांनी भिंत वाजवली.

"पक्की आहे. घर कुणाचं?"

"आपलंच!"

ते हसले. मी हसलो. ज्ञानेश तर टीपॉयकडे बघूनसुद्धा हसला.

तेवढ्यात दार न वाजवता शेजारचे जानूभाऊ बनियनवर आत आले. फ्रीज उघडला, बोंबलांची पिशवी काढली.

"हा फ्रीज…?" दिनानाथरावांनी विचारलं.

"आपलाच हाय!" जानूभाऊ पाहुण्यांच्या शेजारी ऐसपैस बसले. "पोरगा लय गुणाचा हो. आपलाच हाय."

"तुमचा?"

"आपला!"

मागोमाग त्यांची बायको हंसा थेट आमच्या स्वयंपाकघरात शिरली. "मंग! आपल्याच हातानं भरवलाय त्याला!"

दिनानाथराव सोफ्यावर जरा सरकून बसले. जानूभाऊंनी आत आवाज दिला, "च्या आण गो!" आणि पाहुण्यांना म्हणाले, "आपल्या बायकोच्या हातचा च्या पिऊन तर बघा. अख्ख्या उमरोळीत नाव हाय!"

आणि नेमकी त्याच क्षणी ट्रे घेऊन बाहेर आली गोजरा!

दिनानाथरावांनी माझ्याकडे पाहिलं. जानूभाऊंकडे पाहिलं. गोजराकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही.

"आपल्या म्हणजे… कुणाच्या?"

"आपल्या!"

"यांच्या की तुमच्या?"

"आमच्यात तसं काय नाय!" जानूभाऊ मोठ्या मनानं म्हणाले.

मी ताडकन उठलो. "अहो, ही माझी बायको!"

"जिना!" हंसा आतून ओरडली.

"हा माझा मुलगा!"

"परत जिना!" आता दारात जमलेले सगळे सभासद.

"आणि ती आतली हंसा, जानूभाऊंची बायको!"

दिनानाथरावांनी कपाळाचा घाम पुसला. "मग ही जिना कोण?"

द्वितीय पुरुष

सांगितलं. सगळं सांगितलं. संस्था, ठराव, जिना.

"म्हणजे तुमचं इथे काय आहे?"

"राहायचा हक्क. आणि एक मत."

"विकता येतं?"

"नाही."

"गहाण?"

"नाही."

"शनिवार-रविवार पर्यटकांना भाड्यानं?"

"नाही."

"मग घर असून उपयोग काय?"

"राहता येतं की," गोजरा म्हणाली.

"हिमानी, चल!"

जानूभाऊ दारात आडवे झाले. "असं कसं? पोरगा आपला हाय. सभा घ्या!"

अध्यक्ष म्हणून मी विषय मांडला: हे लग्न व्हावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. सगळे हात वर! ज्ञानेशचे दोन्ही!

"एक मिनिट, मला काही…" म्हणत दिनानाथरावांनीही हात वर केला.

"एकमतानं मंजूर!" मी टाळी वाजवली.

तृतीय पुरुष, स्त्रीलिंगी, एकवचन

आतापर्यंत हिमानी एक अक्षर बोलली नव्हती. तिनं कप खाली ठेवला.

"इथे बाईलाही मत असतं?"

"असतं," मी म्हणालो. "अध्यक्षाला एक, तिलाही एक."

"आमच्याकडे मत फक्त बाबांना. बाकीच्यांनी माडासारखं नुसतं उभं राहायचं."

"हिमानी!" दिनानाथराव ओरडले.

"काका, वरच्या एका खोलीला कुलूप दिसलं. रिकामी आहे?"

माझं काळीज सुपाएवढं झालं. "रिकामीच आहे पोरी! लग्नानंतर तुम्हा दोघांनाच…"

"दोघांना नको. सभासद व्हायला लग्न करावंच लागतं का?"

ज्ञानेशनं अजून वर राहिलेले दोन्ही हात हळूच खाली घेतले.

"नाय गो," हंसा म्हणाली. "अर्ज दिला की झालं."

हिमानी आता आमच्या वरच्या मजल्यावर राहते. सून म्हणून नाही, सभासद म्हणून! दिनानाथराव तिला परत न्यायला दर रविवारी येतात आणि शिरा खाऊन जातात. पुढच्या महिन्यात अध्यक्षाची निवडणूक आहे. माझ्याविरुद्ध कोण उभं आहे, ते सांगायला नको. गोजराचं मत तिला. ज्ञानेशचंही तिलाच.

खरं सांगू? मीही तिलाच देणार आहे. एकदा ती खुर्चीत बसली, की मी नम्रपणे उभा राहीन आणि ज्ञानेशच्या लग्नाचा प्रस्ताव पुन्हा मांडीन. अगदी शेवटी. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांत!