बेकरीवाल्याला बसलेलं शिल्प

पेर्ला शेजारून आली ती शिंप्याची टेप घेऊनच. ती थेट नवऱ्याच्या, मेलचोरच्या, कार्यशाळेत शिरली आणि मधोमध ठेवलेलं शिल्प मोजू लागली.

"सहा फूट चार इंच मावेल ना?"

"काय मावेल?" मेलचोरने विचारलं.

"काय नाही, कोण. तिबुर्सियो."

बेकरीवाला तिबुर्सियो आदल्या दिवशीच्या वादळात पत्रे धरून ठेवायला छपरावर चढला आणि पत्र्यांसकट खाली आला. जागीच गेला. रस्ता दोन ठिकाणी खचलेला, वीज नाही, आणि उकाडा असा, की मेलेल्या माणसाला थांब म्हणायची सोय नव्हती. गावात शवपेट्या विकणारा एकच. त्याच्या सगळ्या पेट्या पुराबरोबर समुद्राकडे निघून गेल्या होत्या.

मेलचोरचं शिल्प म्हणजे अखंड खोडातून कोरलेली पोकळ होडी, एका टोकाला लांब चोच. नाव 'रिकामेपण'. वीस वर्षांत मनिलाच्या प्रदर्शनाने निवडलेलं त्याचं हे पहिलंच काम. रस्ता झाला की ट्रक येणार होता.

"पेर्ला, ते शिल्प आहे!"

"पोकळ आहे ना?"

"अगं, पोकळी हाच त्याचा विषय आहे!"

"मग विषयाला झाकण बघ."

तेवढ्यात तिबुर्सियोची बायको कोन्सोर्सिया दारात येऊन उभी राहिली. डोळे कोरडे, केसांत अजून पीठ. "भाऊजी, नाही म्हणालात तरी राग नाही. चटईत गुंडाळून नेऊ."

यावर नाही म्हणणारा माणूस त्या गावात जन्मला नव्हता. निदान मेलचोर तो नव्हता.

झाकण म्हणून भिंतीवरची फळी निघाली. मेलचोरच्या गुरूने शेवटच्या दिवसांत त्याला दिलेली, घरातली सगळ्यात मोलाची वस्तू. तिच्यावर झोपलेली उघडी बाई कोरलेली होती. प्रार्थनेसाठी आलेले फादर पुढे आले, बघितलं, आणि दुसरीकडे बघू लागले.

"ही चर्चमध्ये नेणार?"

"उलटी घालू, फादर," पेर्ला म्हणाली. "बाई आतल्या बाजूला."

सगळे कोन्सोर्सियाकडे बघू लागले. बाई आतल्या बाजूला म्हणजे नेमकी कुणासमोर, हे सगळ्यांच्याच लक्षात आलं होतं.

"असू दे," ती म्हणाली. "तीस वर्षं बिचाऱ्याने भट्टीचंच तोंड बघितलं."

मेणबत्त्यांना बूड हवं म्हणून मित्राने दिलेले ब्राँझचे दोन बगळे गेले. शिल्प दारातून निघेना म्हणून चौकट गेली. सहा जणांना उचलेना, मग दहा जण लागले. एवढी माणसं मेलचोरच्या कामाभोवती आजवर कधी जमली नव्हती.

कब्रस्तानात शवपेट्या सरकवायचे सिमेंटचे कप्पे होते, एकावर एक. शिल्प आत सरकलं, सरकलं, आणि अडलं. चोच दोन फूट बाहेर.

"करवत आणा रे," गवंडी म्हणाला.

"हात लावू नकोस!" मेलचोर ओरडला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "दे इकडे. मीच कापतो."

शिल्प पुन्हा बाहेर काढलं. तो कापू लागला. चोच खाली पडली. मेलचोर घाम पुसत दोन पावलं मागे झाला. मग आणखी चार. मान तिरकी करून बघत राहिला. अकरा महिने कोरून जी रेषा सापडली नव्हती, ती समोर होती. कुठे काही जास्त नव्हतं, काही कमी नव्हतं.

"अरे देवा," तो पुटपुटला. "हे आधीच कापायला हवं होतं."

"सरका, भाऊ," गवंडी म्हणाला.

शिल्प अलगद आत गेलं. कप्प्याच्या तोंडाशी एकेक वीट चढू लागली. शेवटच्या विटेपर्यंत मेलचोर त्या भोकातून आत बघत होता आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

कोन्सोर्सियाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आता तिलाही रडू फुटलं होतं.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुमचा त्यांच्यावर एवढा जीव होता, मला कधी कळलंच नाही हो."