पंच सरळ बघतात

"काका, ती फाइल मी उचलते!" आवक-जावकच्या ताई ओरडल्या आणि त्यांच्यासह कॅशियर आणि शिपाई एका पातळशा फाइलवर तुटून पडले. ओढाओढीत फाइल फाटली. स्टोअर सांभाळणारे काका रिकाम्या हातांनी बघत राहिले.

काकांच्या मानेचे मणके जोडण्याची शस्त्रक्रिया होऊन बरेच महिने लोटले होते. हाडं नीट जुळली होती. "आता चाला, फिरा, कामाला लागा. मानेला हिसका तेवढा देऊ नका," असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मान बोटभर वळायची. त्यापुढे अख्खे काका वळायचे. पण ऑफिसातल्या लोकांना ते हात लावताच तडकतील असं वाटे.

ऑफिसच्या टेबल टेनिस स्पर्धेत पंच दरवर्षी काकाच. यंदा साहेब म्हणाले, "तुम्ही पाहुणे म्हणून बसा. चेंडू सारखा इकडून तिकडे. झेपायचं नाही तुम्हाला."

काकांनी मान डोलावली नाही, कारण ती डोलतच नव्हती. साहेबांना वाटलं, काका चिडले.

"बरं बरं, व्हा पंच!" ते घाईघाईनं म्हणाले.

काकांनी फिरती खुर्ची मागवली. एका पायानं रेटा दिला की डावीकडे, दुसऱ्यानं दिला की उजवीकडे. सुरुवातीचे सामने झकास पार पडले. प्रेक्षक टाळ्या वाजवत होते. थोड्या खेळाडूंना, बऱ्याचशा खुर्चीला.

अंतिम सामना साहेब आणि ताई यांच्यात होता. ताई एकही चेंडू सोडेनात. काकांचे पाय भराभर चालू लागले. खुर्चीला चाकं होती आणि फरशी गुळगुळीत. प्रत्येक गुणाला खुर्ची थोडी थोडी सरकत चालली. धरायला कोणी धजेना, न जाणो, धक्का बसायचा! शेवटी ताईंचा एक फटका टेबलाच्या अगदी कडेशी आला, तेव्हा काकांचं तोंड कपाटाकडे होतं.

"आत की बाहेर?" साहेबांनी विचारलं.

काकांनी पायानं रेटत खुर्ची कशीबशी वळवली.

"मला दिसला नाही. पुन्हा खेळा."

"म्हणूनच म्हणत होतो," साहेब मऊ आवाजात म्हणाले. "कॅशियर बघतील पुढचं. तुम्ही आराम करा."

रागावले असते तर चाललं असतं. तो मऊ आवाज काकांना फार लागला. ते उठले, तरातरा चालत दालनाच्या टोकाला गेले, भिंतीला पाठ लावून उभे राहिले. आणि तिथून त्यांना दिसलं, की दोन्ही खेळाडू, मधली जाळी, सगळं एका नजरेत मावतंय. आड येत होती ती फक्त माणसं.

"व्हा बाजूला!" काका गरजले. "सगळे पलीकडे, टेबलाला खेटून उभे राहा! आणि कॅशियरसाहेब, तुम्हीसुद्धा."

सामना पुन्हा सुरू झाला. एकदा ताई पुढे, एकदा साहेब. बरोबरी काही सुटेना. काका भिंतीपाशी स्वस्थ उभे राहून गुण पुकारत होते. कडेला चाटून गेलेला चेंडू तर त्यांना आवाजावरून कळत होता. कान काही कोणी जोडले नव्हते. अखेर ताई जिंकल्या आणि साहेबांनी सगळ्यात आधी काकांशी हात मिळवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका ऑफिसात आले, तर सगळीकडे मलमाचा वास. टेबलाला खेटून तासभर डावी-उजवीकडे बघणाऱ्यांच्या माना आखडल्या होत्या. कॅशियर समोरच्या भिंतीकडे बघत बसले होते.

"काका," ते तसेच भिंतीला म्हणाले, "हे बरं होतं ना हो?"

"तुमचं उद्या-परवा जाईल. पण बसून राहू नका, आणखी आखडेल. चला, खाली चहाला."

"जिना उतरून?"

"मग? मी रोज उतरतो."

काका पुढे निघाले. मागोमाग अर्धं ऑफिस कठडा धरून, अगदी समोर बघत, एकेक पायरी जपून उतरू लागलं.

"सावकाश," काका म्हणाले. "घाई नाही."