पेटीतली हळद

कर्जत ते खोपोली या पट्ट्यात ढोलकी बटणांत उतरवणारा पहिला माणूस म्हणजे मी! पंच्याऐंशी सालची गोष्ट. खोटं वाटत असेल तर आमच्या गावात कुणालाही विचारा. नको, विचारू नका. हसतील.

झालं काय, माझा मेहुणा मस्कतहून एक जपानी तालाची पेटी घेऊन आला. बटणांनी ठोके भरायचे, मग पेटी तोच ताल पुन्हापुन्हा वाजवत राहते, न थकता, न विडी मागता! मला घरच्या घरी माझ्या भजनांची कॅसेट करायची होती. आमचा ढोलकीवाला नागू बोलावल्या वेळेला कधी आलाय, असं एकही उदाहरण नाही. म्हटलं, नागू गेला उडत! शेजारच्या कमळ्याच्या हळदीत त्याची ढोलकी मी टेप केली होती. टेपवरचा ठोका ऐकायचा आणि पेटीत भरायचा, हाय काय नि नाय काय!

"सुंदरा," मी बायकोला म्हटलं, "तू टेपला कान लावून बोल सांग, मी बटणं दाबतो."

"आनि भाकऱ्या कोन थापंल?"

"आज भात खाऊ गं!"

बसली बिचारी. "धा... तिन... ना... धा... ठ्यां!"

"ठ्यां काय?"

"मला काय ठावं? आवाज आला, सांगितला!"

दाबलं बटण. तो नागूचा खोकला होता, हे मागाहून कळलं.

खरं तर सुंदराचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आमची मैना कशेळ्याच्या पोपटरावांच्या मुलाला पसंत होती, मैनालाही तो पसंत होता, पण पोपटराव दिवाळीपासून नुसतं 'बघू, कळवतो' करत होते. आणखी स्थळं बघायची होती म्हणे त्यांना! पोर तोंडानं काही बोलायची नाही, पण फाट्यावर जीप थांबली की खिडकीत यायची. माझा जीव तुटायचा. म्हणून तर मी भजनाला लागलो होतो.

पेटीला स्वतःचा आवाज नव्हता. गणपती मंडळाचा अँप्लिफायर आणि कर्णा आमच्याच घरी असायचा, तो जोडला. बटण दाबलं मात्र, अख्ख्या गावात हळद दणाणली! धा तिन ना धा ठ्यां! धा तिन ना धा ठ्यां!

आणि बंद होईना! मी दिसेल ते बटण दाबलं, तशी पेटी आणखी जोरात वाजायला लागली. सोबतचा कागद जपानी! कर्ण्याची पिन उपसायला गेलो, तर असा झटका बसला की मी थेट तांदळाच्या कणगीवर.

उठतोय तोवर दारात धोंडूबाई. गावातल्या लग्नात धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, हीच गाते. अंगावर ठेवणीतलं लुगडं, मागं बायकांची रांग.

"सहदेवा, मेल्या! पोरीची हलद, आनि धवलारनीलाच सांगावा नाय?"

"मावशी, हळद नाही गं, पेटी आहे!"

"पेटी बी आनली? मंग पेटीवाल्याला बोलव, सूर धरू दे!" असं म्हणून तिनं फतकल मारून धवला सुरूसुद्धा केला. बायकांनी आमचाच पाटा घेऊन हळद वाटायला घेतली.

तेवढ्यात शेतातून धापा टाकत नागू आला. जन्मात पहिल्यांदा न बोलावता!

"आरं, ह्यो माजा हात हाय! खोकला पन माजाच! मी हितं उबा हाय, मंग आत कोन बसलाय?" तो खाटेखाली वाकून बघायला लागला.

धोंडूबाईनं धवला अर्ध्यावरच सोडला. "नागू... तू मेलास का रं?"

"नाय बा," नागू स्वतःला चाचपत म्हणाला. "सकाली तं जिता व्हतो."

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! दारात साक्षात पोपटराव उभे! मैनाच्या खिडकीसमोरच्या फाट्यावर कर्जतच्या जीपची वाट बघत होते, तिथं कर्णा ऐकला.

"सहदेवराव, आमी अजून नाय म्हनलो नव्हतो! आनि तुमी पोरीला हलद लावून मोकले?"

"अहो, नाही हो! ही नुसती पेटी..."

"पेटी बी भरली? आजच पाठवनी?" पोपटराव मटकन ओट्यावर बसले. "आता पोराला काय तोंड दाखवू? त्यानं ह्या पोरीपायी अन्न सोडलंय!"

मी नुसता पेटीकडे बोट दाखवत राहिलो. सुंदराला मात्र बरोबर सुचलं. पदर सावरून ती म्हणाली, "हलद अजून लागली नाय, भाऊ. वाटतायत."

पोपटराव ताडकन उठले. "मंग वाटू दे! पन लागंल ती आमच्या नावानं! आना सुपारी!"

त्या कर्ण्याखालीच सुपारी फुटली. सुंदरा रडत होती, नागू हातानं ताल धरत होता आणि धोंडूबाई पहिल्यापेक्षा मोठ्यानं गात होती. मलाही गहिवरून आलं, पण ठ्यां झालं की दचकत होतो.

मैना चहा घेऊन आली. ट्रे खाली ठेवला, पेटीच्या मागं हात घातला आणि कसलंसं बारीक बटण दाबलं. एकदम शांत!

"तुला ठाऊक होतं?" मी ओरडलो.

"मामानं आल्या दिवशीच दावलं व्हतं."

"आणि मला झटका बसला तेव्हा गं?"

"बाबा," ती कप पुढं करत म्हणाली, "तवा सुपारी कुठं फुटली व्हती?"