अठरा गिऱ्हाइकं आणि टेबलफॅन

यंदा काहीही झालं तरी बाजी इबिदूनच मारणार होती. हे ती स्वतःच सगळ्यांना सांगत होती, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती!

लागोसला दर वर्षी आफ्रिकन फॅशन आणि सौंदर्यवाल्यांचं मोठं प्रदर्शन भरतं. केसांचे टोप, क्रीमं, मणी, पागोटी, सगळं एकाच हॉलमध्ये. तिथे इबिदूनचा निळीत हाताने रंगवलेल्या झग्यांचा स्टॉल. तीन वर्षं ती त्यात फोटोतल्या राणीसारखी बसत होती आणि तीन वर्षांत लोकांनी तिला एकच प्रश्न विचारला होता, बाथरूम कुठे आहे? ती बोट दाखवायची. बोटाला चांगला सराव झाला होता.

पण यंदा आक्राहून मिसेस क्वार्ते येणार होत्या. घानात त्यांची चार दुकानं. त्या एकाच स्टॉलला वर्षभराची ऑर्डर द्यायच्या आणि गर्दी असेल तिथेच थांबायच्या. ही ऑर्डर हुकली तर पुढच्या वर्षी स्टॉल बंद, हे फक्त इबिदूनला माहीत होतं.

गर्दी म्हणजे शेवटी माणसंच ना? ती तर तिच्या घरात पोत्याने होती! तिने अठरा नातेवाईक गोळा केले आणि पढवले. बरोबर तीनला या, दोघं-तिघं करून या, मला ओळख दाखवू नका, भाव करा, कौतुक करा. थोरली बहीण आबेनी हिला तर एक अख्खं वाक्य पाठ करायला दिलं. जाता जाता इबिदून सगळ्यांना म्हणाली, "आणि जरा चांगले कपडे घालून या."

इथेच घात झाला. योरुबा घरातल्या अठरा जणांना एका वेळी, एका ठिकाणी, चांगले कपडे घालून बोलावल्यावर ते काय करणार? एकच कापड घेऊन सगळ्यांनी त्याचेच कपडे शिवले! लग्नाला शिवतात, बारशाला शिवतात, मग बहिणीच्या कार्याला विटकं नेसून जायचं की काय?

कापड खरं तर इबिदूनकडूनच घ्यायचं ठरत होतं. पण गेल्या ईस्टरला तिने सख्ख्या आबेनीला झगा पूर्ण भावाने विकून वर पिशवीचेही पैसे लावले होते. मग सगळे गेले हज करून आलेल्या आल्हाजा सिदिकातकडे. या आल्हाजांचा स्टॉल प्रदर्शनात इबिदूनच्या बरोब्बर समोर!

तीन वाजले. दार उघडलं आणि अठराच्या अठरा जण वरातीसारखे आत आले. केशरी कापड आणि त्यावर छापलेले ताटाएवढे जांभळे टेबलफॅन! एवढे पंखे एकदम फिरले असते तर हॉलचं छप्पर उडालं असतं.

इबिदून हातांनी खुणा करत होती, पांगा, पांगा. तेवढ्यात तिच्या चार भाच्यांनी, लहानपणापासूनच्या सवयीने, तिच्यासमोर गुडघे टेकून नमस्कार केला. दुकानदारणीपुढे गुडघे टेकणारी गिऱ्हाइकं लागोसने आजवर पाहिली नव्हती. आबेनीने तर टोमॅटो-मिरचीतल्या लालभडक जॉलॉफ भाताचा भला मोठा डबाही आणला होता. रिकाम्या हाताने कसं यायचं, असं तिचं म्हणणं.

मग काय! एक कापड, गुडघे आणि भात. लोकांना वाटलं इथे लग्न आहे. प्लेटा घेऊन रांग लागली. उद्घाटनाला आलेला ढोलवाला धावत आला आणि लग्नात गातात तसे इबिदूनच्या आज्याचे गुण गाऊ लागला. एका बाईने तिला मिठी मारून नवरी कुठेय म्हणून विचारलं.

आणि याच गर्दीपाशी मिसेस क्वार्ते थांबल्या. कुणीतरी त्यांच्याही हातात प्लेट दिली. घानाच्या बाईला लागोसचा भात! जॉलॉफ आमचाच खरा, यावरून दोन्हीकडच्यांचं कायमचं भांडण. इबिदूनने डोळे मिटले. मग उघडून, ही सगळी माझी गिऱ्हाइकं, मी यांना ओळखतही नाही, असं तिने एका दमात सांगून टाकलं.

मिसेस क्वार्तेंनी घास गिळला आणि आबेनीकडे पाहिलं. आबेनीने घसा खाकरून पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "असे झगे अख्ख्या लागोसात मिळणार नाहीत."

"मग तुम्ही पंखे का घातलेत?" मिसेस क्वार्तेंनी विचारलं.

याचं उत्तर कुणी पाठ करून घेतलं नव्हतं. आबेनी आपली खरं बोलली. "काय करणार बाई, हिच्याकडचं परवडत नाही. सख्खी बहीण आहे माझी, पण पिशवीचेसुद्धा पैसे लावते."



मिसेस क्वार्तेंनी आबेनीची बाही चिमटीत धरली, उलटी केली, उजेडात पाहिली. अठरा जणांवर एकदम इतकं उठून दिसणारं कापड बऱ्याच दिवसांत पाहिलं नाही म्हणाल्या. अठरा हातांनी समोर बोट दाखवलं. पाच मिनिटांत वर्षभराची ऑर्डर आल्हाजांच्या वहीत! जाताना मिसेस क्वार्ते भाताला मीठ कमी आहे एवढं सांगून गेल्या.

संध्याकाळी आल्हाजांनी स्वतः येऊन इबिदूनच्या हातात एक पुडकं ठेवलं. "तुझ्या ताईने तुझ्यासाठीही पंख्यांचा झगा शिवून घेतलाय. पिशवी माझ्याकडून."

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनाला इबिदून तोच घालून आली. स्टॉल तर आता जाणारच होता, मग निदान पंखे तरी मिरवावेत! दहा वाजता एक बाई तिच्या अंगावरचे पंखे पाहून थबकली आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच कुणा गिऱ्हाइकाने तिला बाथरूम नव्हे, भाव विचारला.

"हे कितीला?"

इबिदूनचं बोट सवयीने वर गेलं. फक्त या वेळी समोरच्या स्टॉलकडे.